विमानाचा रंग कोणासाठी?

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आपटा मागे पडले की जिते येते, त्यानंतर हमरापूर आणि मग पेण. या पट्ट्याचे रंगाशी जुने नाते आहे. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत आणि वर्षातले बहुतेक महिने तिथे कॉम्प्रेसरचा आवाज आणि स्प्रे गनचा फवारा चालू असतो. मार्गाच्या दुसऱ्या टोकाला रोहा आहे. तिथल्या धाटाव औद्योगिक वसाहतीत सुदर्शन केमिकल इंडस्ट्रीज रंगद्रव्ये तयार करते. १९५१ साली पुण्यात स्थापन झालेल्या या कंपनीने २०२५ मध्ये जर्मनीचा ह्यूबाख हा जुना रंगद्रव्य-समूह विकत घेतला. म्हणजे एकाच रेल्वेमार्गावर रंग तयारही होतो आणि हजारो हातांनी लावलाही जातो. मात्र इथला सगळा रंग माणसाच्या डोळ्यासाठी आहे. लाल लाल दिसावा, पीतांबर झळकावा, मूर्तीच्या गालावर हलकी गुलाबी छटा उमटावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. लढाऊ विमानाच्या रंगाची गोष्टही अशीच सुरू झाली. पुढे त्या रंगाला पाहणारा बदलला. डोळ्याच्या जागी रडार आले आणि रंगाला दिसण्याखेरीज दुसरेच काम लागले. आपल्याकडच्या नोंदी मात्र अजून डोळ्यासाठीच ठेवल्या जातात. विमान राखाडी होते की हिरवे, एवढे लिहिले की काम संपले असे आपण मानतो. त्यामुळे आपल्या लढाऊ विमानांच्या इतिहासातला एक मोठा भाग आपल्या देखत पुसला जातो आहे, हे मला इथे मांडायचे आहे. आणि ही उणीव कोणाला सगळ्यात आधी जाणवत असेल, तर ती विमानाची छोटी प्रतिकृती रंगवणाऱ्या मॉडेलकाराला.

महाराष्ट्रात या गोष्टीचे मुख्य ठिकाण नाशिकजवळचे ओझर. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ मध्ये, मिग विमानांच्या उत्पादनासाठी हा कारखाना उभा राहिला. पुढे तिथे मिग-२१च्या एकामागून एक आवृत्त्या तयार झाल्या, त्यानंतर मिग-२७ आणि २००४ पासून सुखोई-३०. सुरुवातीच्या काळातले मिग-२१ जवळजवळ बिनरंगाचे होते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा उघडाच, त्यावर पारदर्शक लाखेचा हात, वर वायुदलाची चक्रे आणि क्रमांक. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानावर वजन वाढवणारा आणि उन्हा-उष्णतेने उडून जाणारा रंग कशाला, असा त्यामागचा हिशेब होता. तरीही सोव्हिएत बनावटीच्या त्या चंदेरी मिगकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. नाकाचा शंकू आणि शेपटीचे टोक हिरवट असे. ते भाग धातूचे नव्हतेच. नाकाच्या शंकूत विमानाचे स्वतःचे रडार असते आणि शेपटीच्या टोकात रेडिओचा अँटेना. त्यावरचे कवच आणि रंग दोन्ही रेडिओलहरींना आरपार जाऊ देणारे हवेत. धातूची भुकटी मिसळलेला साधा चंदेरी रंगही तिथे चालला नसता. म्हणजे ज्या काळात विमानाला रंगच नव्हता असे आपण म्हणतो, त्याच काळात रडारला काय दिसावे आणि काय दिसू नये या प्रश्नाने विमानाच्या कातडीवर पहिली खूण उमटवली होती. ती हिरवी टोपी नुसती शोभेची समजून मॉडेलवर भलत्याच छटेत रंगवणारे पुष्कळ आहेत. ती कशासाठी होती हे ज्याला कळते, त्याला पुढच्या साठ वर्षांची दिशाही कळते.

चंदेरी रंगाची किंमत १९६५ च्या युद्धात कळली. पठाणकोटच्या तळावर जमिनीवर उभी असलेली भारतीय विमाने पाकिस्तानी हल्ल्यात नष्ट झाली, त्यांत नुकतीच आलेली मिग-२१ देखील होती. उघड्यावर चमकणारे विमान वरून येणाऱ्या वैमानिकाला लांबूनच दिसते. १९७१ च्या युद्धापर्यंत हा धडा गिरवला गेला, पण घाईत. अनेक मिग-२१ आणि नॅट विमानांवर तळांवरच हिरवा, मातकट, तपकिरी रंग चढवला गेला. नक्षी पथकागणिक वेगळी, काही वेळा विमानागणिक वेगळी. कुठे पट्टे, कुठे ढगांसारखे ठिपके, कुठे खालचा धातू डोकावतो आहे. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर हल्ला करणाऱ्या विमानांत मिग-२१ होती. त्या युद्धातल्या एकेका विमानाची नक्षी नेमकी कशी होती यावर जगभरचे मॉडेलकार आजही तावातावाने वाद घालतात, कारण कृष्णधवल छायाचित्रांतून हिरवा आणि तपकिरी वेगळा काढणे कठीण असते आणि लेखी नोंद अभावानेच सापडते. युद्धाच्या धामधुमीत रंगाची नोंद कोण ठेवणार, हे समजण्यासारखे आहे. पण त्यानंतरच्या शांततेच्या दशकांतही ती सवय आपल्याला लागली नाही, हे समजण्यासारखे नाही.

आता रडारकडे वळू. रडार म्हणजे आपण सोडलेली लहर परत येते का ते पाहणारे यंत्र. धातूचा पत्रा ही लहर जवळजवळ पूर्ण परतवतो आणि त्यावर चार आणे रंग चढवला की बारा आणे, याने रडारला काहीच फरक पडत नाही. रंगद्रव्य दृश्य प्रकाशाच्या लहरी निवडून शोषते. त्या लहरी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. लढाऊ विमानांच्या रडारची लहर तीन सेंटिमीटरच्या आसपास असते. ती शोषायची तर रंगद्रव्याचा उपयोग नाही, भरणद्रव्यच वेगळे लागते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पाणबुड्यांच्या श्वासनळीवर लोहचूर्ण मिसळलेले रबर बसवले, कारण पाण्याबाहेर निघणारा तेवढाच भाग दोस्तांच्या विमानातल्या रडारला सापडत होता. अमेरिकेत हाल्पर्न या शास्त्रज्ञाच्या नावाचा लेप त्याच काळात तयार झाला. पुढे सगळ्यात जास्त नाव झाले ते कार्बोनिल लोहाचे. काही मायक्रॉन व्यासाच्या, जवळजवळ गोल अशा लोखंडाच्या कणांची ही भुकटी राळेत मिसळतात आणि हे मिश्रण थरावर थर फवारतात. लहर आत शिरते, लोखंडाच्या कणांतील चुंबकत्वाला क्षणात अब्जावधी वेळा उलटसुलट फिरवू पाहते, त्या ओढाताणीत तिची ऊर्जा उष्णतेत जाते आणि परतणारा भाग क्षीण होतो. हे घडायला जाडी हवी. साधा विमानरंग सगळे हात धरून मिलिमीटरचा दहावा भाग भरेल. शोषक लेप एक-दोन मिलिमीटर लागतो. लोखंडाने भरलेल्या अशा लेपाची घनता पाण्याच्या तिप्पट-चौपट असते, म्हणजे एक मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरमागे तीन ते चार किलो वजन. शंभर चौरस मीटर पृष्ठभाग मढवला तर तीन-चारशे किलो झाले. तेवढ्यात एखादे क्षेपणास्त्र बसते. शिवाय लोखंड ते लोखंडच, गंजणार. विमानवाहू जहाजांवर महिनोन् महिने राहिलेल्या अमेरिकी एफ-३५ विमानांच्या छायाचित्रांत तांबूस डाग दिसले होते. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी गज कसा फुलतो हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. जाणकार म्हणतात की रडारपासून लपण्यात लेपाचा वाटा गौण, मुख्य काम आकाराचे. हे खरेच आहे. रडारचा पल्ला परावर्तनाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात घटतो. विमानाचे परावर्तन दहापट कमी केले, म्हणजे नव्वद टक्के लहर गिळली, तरी शंभर किलोमीटरवर दिसणारे विमान छप्पन्न किलोमीटरवर दिसतेच. पल्ला निम्म्यावर आणायचा तर परावर्तन सोळापट घटवावे लागते. एवढी घट नुसत्या लेपाने साधणे अवघड; त्यासाठी लहर आली त्या दिशेला परत जाणारच नाही असे पृष्ठभाग तिरके करावे लागतात. प्योत्र उफिम्त्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणितावरून अमेरिकनांनी एफ-११७ चा पैलूदार आकार घडवला, आणि स्वतः सोव्हिएत संघाने त्या गणिताकडे वेळेवर पुरेसे लक्ष दिले नाही, हा इतिहास सर्वश्रुत आहे. लेपाची दुसरी मर्यादाही त्याच विमानाने दाखवली. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात एफ-११७ पाडले गेले. ते हेरणारे रडार जुन्या पद्धतीचे, मीटरभर-दोन मीटर लांबीच्या लहरींवर चालणारे होते. तीन सेंटिमीटरच्या लहरीसाठी जुळवलेला पातळ लेप तिथे जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

पण या आक्षेपातून लेप बिनमहत्त्वाचा ठरत नाही. आकार बदलता येतो तो नवे विमान आखताना. जे विमान आधीच बनले आहे, ज्याचे शेकडो नग तळांवर उभे आहेत, त्याला लेपाखेरीज उपाय नाही. आकार कितीही साधला तरी पंखाची कड, दरवाजांच्या फटी, हवा आत घेणारे तोंड, वैमानिकाची काच ही ठिकाणे लहर परतवतातच. तिथे लेपच लागतो. रशियन शास्त्रज्ञांनी सुखोईवर याच दिशेने काम केले. त्यांनी विमानाचे अंग मढवण्याऐवजी इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या बोगद्यात आणि इंजिनाच्या पुढच्या पात्यांवर शोषक थर दिला, कारण समोरून पाहणाऱ्या रडारला सगळ्यात झगझगीत दिसते ते तिथेच. अमेरिकी एफ-१६ ची काच सोनेरी झाक मारते तीही याचसाठी. काचेवर विद्युतवाहक पदार्थाचा अतिपातळ पापुद्रा असतो. लहर आत शिरून आसन, उपकरणे आणि शिरस्त्राणावरून उसळण्याऐवजी बाहेरच वळते. त्याच विमानाच्या अंगावर चढवलेल्या नव्या लेपाने त्याचा जुना दोन छटांचा राखाडी रंग जाऊन एकच गडद, किंचित धातूसारखी चमक असलेला राखाडी आला. रंग बदलायचा म्हणून कोणी तो बदलला नव्हता. लेप बदलला, आणि त्याच्यामागून रंग आला.

आपल्याकडे हा बदल ओझरच्या आवारातच दिसतो. चंदेरी मिग, मग हिरव्या-तपकिरी नक्षीचे मिग, जमिनीवर मारा करणारे तशाच नक्षीचे मिग-२७, मग अंगभर राखाडी सुखोई आणि आता तेजस. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकच्या नव्या उत्पादन-साखळीतल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने ओझरहून उड्डाण केले. त्याच्या तीनच आठवडे आधी, २६ सप्टेंबरला, चंदीगडला मिग-२१ ने वायुदलाचा निरोप घेतला होता. एकाच कारखान्याच्या दोन पिढ्या एका महिन्याच्या आत एकमेकींना ओलांडून गेल्या. तेजसच्या बाह्य पृष्ठभागाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग कार्बन-तंतूंच्या संमिश्र पदार्थाचा आहे आणि इंजिनाकडे जाणारा त्याचा हवेचा मार्ग असा वळवलेला आहे की समोरून इंजिनाची पाती दिसत नाहीत. म्हणजे मिगच्या बाबतीत पत्रा आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. तेजसमध्ये खालचा पदार्थ, त्यावरचे थर आणि वरची छटा हे सगळे मिळून एक रचना झाली. लेपाच्या संशोधनाचे दुसरे महत्त्वाचे ठिकाण कल्याण-कर्जत मार्गावरचे अंबरनाथ. १९५३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत रसायन आणि धातुशास्त्राची प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेली संस्था आज तिथे नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा म्हणून काम करते आणि रडार शोषणारे पदार्थ हा तिच्या कामाचा एक भाग आहे. माझगाव गोदीत बांधलेली आणि २०१० मध्ये नौदलात आलेली शिवालिक ही रडारला कमी दिसावी अशा आखणीची पहिली भारतीय युद्धनौका. रोह्याच्या रंगद्रव्यांचा या लेपांशी संबंध आहे असे मी मुळीच सुचवत नाही. उलट, फरक इथेच स्पष्ट होतो. रंगद्रव्य डोळ्यासाठी, लोहभुकटी किंवा कार्बन रडारसाठी. एकाच फवाऱ्यात दोन वेगळ्या प्रेक्षकांची सोय.

आता मॉडेलकाराच्या मेजाकडे येऊ. त्याच्या कामाला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी १९४२ साल आठवावे. अमेरिकी नौदलाने त्या वर्षी शाळकरी मुलांकडून पाच लाख विमान-प्रतिकृती करून मागवल्या, १:७२ या प्रमाणात, सैनिकांना शत्रू-मित्र ओळखायला शिकवण्यासाठी. हे प्रमाण मॉडेलकारांत आजही लोकप्रिय आहे. त्या प्रतिकृती सगळ्या काळ्या रंगवायच्या होत्या, कारण आकाशातल्या विमानाची फक्त आकृती ओळखायची होती. रंगाला तिथे मुद्दाम वगळले होते. आपल्याकडेही राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकवले जाते. म्हणजे सैन्याने प्रतिकृतीकडे शिक्षणाचे साधन म्हणून पाहिले, खेळणे म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. हे लेप गोपनीय, मग त्यांची नक्कल करण्याचा खटाटोप का, आणि तो योग्य तरी आहे का? या प्रश्नाला १९८६ मध्ये मजेदार नव्हे, चांगलेच गंभीर वळण लागले होते. टेस्टर्स या अमेरिकी कंपनीने एफ-१९ नावाच्या 'अदृश्य' लढाऊ विमानाचे किट बाजारात आणले. सरकार असे कुठले विमान असल्याचे मान्यच करत नव्हते. किट लाखांनी खपले आणि अमेरिकी संसदेच्या समितीत त्यावरून प्रश्न विचारले गेले: लोकप्रतिनिधींना जे दाखवत नाही ते खेळण्याच्या दुकानात कसे? दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९८८ मध्ये, खऱ्या विमानाचे छायाचित्र जाहीर झाले तेव्हा ते एफ-११७ निघाले आणि किटशी त्याचे काहीही साम्य नव्हते. किट गोलाईदार, गुळगुळीत. खरे विमान हिऱ्यासारखे पैलू पाडलेले. यातून काय दिसते? पुराव्याशिवाय केलेली प्रतिकृती कितीही सुबक असली तरी ती कल्पनाच असते, आणि पुरावा मिळाल्यावर केलेली प्रतिकृती कुठलेच गुपित फोडत नाही. गुपित असते ते लेपाच्या घटकांत, कणांच्या आकारात, जाडीत आणि ती कोणत्या लहरीसाठी जुळवली त्या आकड्यात. तळावर उभ्या विमानाची चमक कोणीही पाहू शकतो. मॉडेलकार त्या चमकेची नोंद घेतो, घटकांची नाही.

आणि ही नोंद घेणे किती कठीण आहे ते त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते. अमेरिकी एफ-२२ एका कोनातून निळसर राखाडी दिसते, दुसऱ्या कोनातून तपकिरीकडे झुकते, संध्याकाळच्या उन्हात जवळजवळ सोनेरी. शेड-कार्डावरचा एकच क्रमांक घेऊन हे जुळत नाही. अनुभवी मॉडेलकार आधी गडद, गुळगुळीत तळ घालतो, त्यावर राखाडीत स्टीलची छटा मिसळून एअरब्रशने पातळ हात देतो आणि शेवटी चकचकीत आणि मॅट वार्निश मिसळून चमक नेमकी अर्ध्यावर आणतो. पण प्रमाण त्याच्या आड येते. मोतिया किंवा धातूची चमक देणारा कण समजा वीस मायक्रॉनचा आहे. १:७२ च्या प्रतिकृतीवर तो खऱ्या विमानावरच्या जवळजवळ दीड मिलिमीटरच्या टिकलीएवढा ठरतो. म्हणून बाजारातला साधा चंदेरी रंग प्रतिकृतीवर चमचमतो आणि विमान जत्रेतल्या खेळण्यासारखे दिसते. कण जितके बारीक दळलेले तितके बरे. जाडीचेही तसेच. प्रायमर, रंग आणि वार्निश मिळून पन्नास मायक्रॉनचा थर चढला, तर मापाने तो साडेतीन मिलिमीटर झाला, खऱ्या शोषक लेपाहूनही जाड. म्हणजे प्रतिकृतीवर लेपाची हुबेहूब नक्कल मापाने शक्यच नाही; शक्य आहे ते त्याच्या दिसण्याचे अनुमान. रडारच्या चाचण्यांसाठी शास्त्रज्ञ ज्या छोट्या प्रतिकृती वापरतात तिथेही हाच पेच असतो. प्रतिकृती दहापट लहान केली की लहरही दहापट आखूड घ्यावी लागते, आणि मग मूळ लेप तिथे चालत नाही, कारण त्याचे शोषण नव्या लहरीला वेगळे असते. लेपही त्या प्रमाणात नव्याने जुळवावा लागतो. छंदिष्टाचा आणि प्रयोगशाळेचा प्रश्न इथे एकच आहे: आकार लहान करता येतो, पदार्थाचे गुण लहान करता येत नाहीत.

हमरापूरच्या कारखान्यातल्या रंगकामगाराला यातले अर्धे तरी न शिकवता ठाऊक असते. शाडू मातकट करडी, प्लास्टर पांढरेफटक आणि पाणी पिणारे. दोन्हींवर अंगाचा तोच रंग मारला तर दोन मूर्ती दोन रंगांच्या होतात. म्हणून आधी पांढऱ्याचा हात देऊन तळ एकसारखा करायचा, मग अंगाचा रंग, मग स्प्रे गन लांब धरून पोटावर, गालांवर, सोंडेच्या वळणावर छटा, मग पीतांबर आणि दागिन्यांचे सोनेरी काम आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. डब्यावरच्या नावाने तो रंग ओळखत नाही. खाली काय आहे, किती हात झाले, गन किती अंतरावरून चालली यावरून ओळखतो. लढाऊ विमानाच्या आधुनिक लेपाची नोंद नेमकी याच दृष्टीने व्हायला हवी आणि होत नाही. 'मध्यम राखाडी' ही नोंद नव्हे. तळ कोणता, थर किती, चमक किती, कुठल्या भागावर वेगळा पदार्थ, उन्हापावसाने तो किती विटला, दुरुस्तीचे ठिगळ कुठे, हे लिहिले तर ती नोंद.

तिसरा आक्षेप असा की आता पावलोपावली कॅमेरे आहेत, हवाई कसरतींची हजारो छायाचित्रे आहेत, मग हरवते काय? हरवतो तो थर. १९७१ ची कृष्णधवल छायाचित्रे अपुरी पडली, तशी आजची रंगीतही पडणार. ज्या पृष्ठभागाचा रंग कोनाबरोबर बदलतो त्याचे छायाचित्र त्या क्षणाचा प्रकाश टिपते, पृष्ठभाग टिपत नाही. त्यात कॅमेरा आपोआप रंग सुधारतो, छापखाना आणखी एकदा सुधारतो. दोन छायाचित्रांत एकच विमान निळसर आणि हिरवट दिसते आणि मॉडेलकार दोन्ही पुरावे घेऊन वर्षभर भांडतात. प्रत्यक्ष पृष्ठभागाचा तुकडा हाती असेल तर वाद पाच मिनिटांत मिटतो. जुन्या चित्रांच्या संवर्धनात रंगाचा बारीक कण राळेत बसवून, आडवा घासून, सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजणे ही नेहमीची पद्धत आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे कला-संवर्धन केंद्र आहे; हे ज्ञान आपल्याला बाहेरून आणायचे नाही.

कामाला हात घालायचा तर तो मिग-२१ पासून. त्याच्या कातडीत आज काहीच गोपनीय उरलेले नाही. साठ वर्षे सेवा केलेली ही विमाने आता निवृत्त झाली आणि त्यांतली अनेक शाळा-महाविद्यालयांच्या आवारात, चौकांत, तळांच्या प्रवेशद्वारांशी चौथऱ्यावर चढतील. काही आधीच चढली आहेत. तिथे त्यांचे काय होते ते सगळ्यांना दिसते. एका पावसाळ्यात रंग विटतो, मग कुठला तरी राष्ट्रीय दिवस जवळ आला की घाईने घासकाम होते आणि चकचकीत ऑइलपेंटचा हात फिरतो. करण्यामागचा भाव चांगलाच असतो, आदराचाच असतो. पण त्या पॉलिश पेपरखाली चंदेरी लाख, १९७१ चा हिरवा, नंतरचा राखाडी आणि अधूनमधूनची ठिगळे एका दमात निघून जातात. देऊळ जुने झाले म्हणून त्यावर ऑइलपेंट मारू नये हे आपल्याला उशिरा का होईना पटले आहे. विमानाच्या बाबतीत अजून पटायचे आहे.

म्हणून ज्या संस्थेच्या, नगरपालिकेच्या किंवा शाळेच्या आवारात असे विमान उभे आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. पुढचा हात मारण्यापूर्वी नाकाचा शंकू, पंखाची कड, शेपटीचे टोक आणि पोट अशा चार जागांहून नखाएवढी रंगाची खपली निघेल तेवढी काढा, कागदी पाकिटात ठेवा, पाकिटावर विमानाचा क्रमांक, जागा आणि तारीख लिहा आणि ढगाळ उजेडात, रंगपट्टी शेजारी धरून, प्रत्येक जागेचे छायाचित्र घ्या. जवळपास एखादा मॉडेलकार असेल तर त्याला बोलवा. तो विनामूल्य येईल आणि दिवसभर थांबेल. मग खुशाल रंगवा.